विषम सामग्री आणि नमुन्याचा आकार

संशोधनाचा विषय निश्चित झाला, प्रश्नावली सिद्ध झाली, म्हणजे विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : नमुना किती मोठा घ्यावा? या प्रश्नास आपल्याकडे मिळणारी उत्तरे बहुधा ठराविक असतात. कोणी तीस सांगतो, कोणी तीनशे पंच्याऐंशी. प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात तो आकडा एका वाक्यात नोंदविला जातो आणि पुढे त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. सामग्री प्रसामान्य वितरणाला अनुसरणारी असेल, तर अशा ठोकळ नियमांनी फारशी हानी होत नाही. परंतु सामाजिक शास्त्रांत, कृषिशास्त्रात व वैद्यकात ज्या राशींशी आपला नित्य संबंध येतो, त्यांपैकी बहुसंख्य राशी प्रसामान्य नसतात. कौटुंबिक उत्पन्न, कर्ज, जमीनधारणा, रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस, औषधोपचाराचा खर्च या सर्वांच्या वितरणाला उजवीकडे लांब शेपूट असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर होते. पण एक हेक्टरहून कमी क्षेत्र असलेले खातेदारच एकूण खातेदारांच्या निम्म्याच्या आसपास होते. थोड्या मोठ्या खातेदारांमुळे सरासरी वर ओढली जाते, हा विषम वितरणाचा सर्वपरिचित गुण होय.

अशा सामग्रीसाठी नमुन्याचा आकार कसा ठरवावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन एवढेच की, हा आकार वितरणाच्या आकृतीवर अवलंबून असतो हे खरे, परंतु त्याच्याही आधी तो संशोधकाने कोणत्या राशीविषयी प्रश्न विचारला आहे यावर अवलंबून असतो.

१. उदाहरणाची मांडणी

विवेचनास मूर्त रूप यावे म्हणून आपल्या शहरातलेच एक उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरास पैठणच्या नाथसागरातून पाणी येते, आणि ते नळांना अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. मधल्या दिवसांची उणीव भरून काढण्यासाठी अनेक कुटुंबे टँकरचे अथवा जारचे पाणी विकत घेतात. गारखेडा परिसरात स्वतंत्र बंगले आहेत, अपार्टमेंट आहेत, तशाच गुंठेवारीतील वसाहतीही आहेत. या परिसरातील कुटुंबांचा विकतच्या पाण्यावरील मासिक खर्च अभ्यासावयाचा आहे, असे समजू. काही घरी हा खर्च शून्य, बऱ्याच घरी अल्प व थोड्या घरी फार मोठा असणार. पुढील सर्व आकडे गणित समजावे म्हणून गृहीत धरलेले आहेत. ते कोणत्याही पाहणीतून आलेले नाहीत.

या एका राशीसंबंधी निदान तीन भिन्न प्रश्न संभवतात. पहिला : परिसरातून महिन्याकाठी एकूण किती पैसा पाण्यावर जातो? हा एकूण बेरजेचा, म्हणजेच मध्याचा (सरासरीचा) प्रश्न. दुसरा : सर्वसाधारण कुटुंबाला किती खर्च येतो? हा मध्यकाचा प्रश्न. निम्मी कुटुंबे ज्याच्या खाली व निम्मी ज्याच्या वर असतात ते मूल्य म्हणजे मध्यक. तिसरा : एका वस्तीतील कुटुंब दुसऱ्या वस्तीतील कुटुंबापेक्षा अधिक खर्च करते काय? प्रसामान्य सामग्रीत मध्य व मध्यक एकच असल्यामुळे हे प्रश्न एकमेकांत मिसळून गेले तरी चालते. विषम सामग्रीत ते अलग होतात, व प्रत्येकास लागणारा नमुनाही अलग असतो.

२. तीस आणि तीनशे पंच्याऐंशी

प्रचलित आकड्यांचा उगम प्रथम पाहू. ३८५ हा आकडा प्रमाणाच्या अंदाजासाठी आहे. लोकसंख्येतील निम्म्यांत एखादा गुण आहे असे धरून, ९५ टक्के विश्वासाने, ५ टक्क्यांच्या आत ते प्रमाण सांगावयाचे असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६, यावरून ३८५ व्यक्ती लागतात. ‘पाणी विकत घेता काय?’ या प्रश्नास तो लागू आहे. ‘किती रुपये खर्च होतात?’ या प्रश्नाविषयी तो काहीच सांगत नाही, कारण त्या गणितात रुपयांचे प्रमाण विचलन कोठेही आलेले नाही.

तीसच्या नियमास आधार दिला जातो तो केंद्रीय सीमा सिद्धान्ताचा. मूळ राशी प्रसामान्य नसली तरी नमुना पुरेसा मोठा असता नमुना-मध्याचे वितरण प्रसामान्याच्या जवळ जाते, हे सत्य आहे. परंतु ‘पुरेसा’ या शब्दाची मर्यादा सिद्धान्त सांगत नाही. ती राशीच्या विषमतेवर अवलंबून असते. विल्यम कॉक्रन यांनी नमुना-पाहणीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात यासाठी एक व्यवहारोपयोगी नियम दिला आहे : नमुन्याचा आकार विषमतांकाच्या वर्गाच्या २५ पटींहून अधिक असावा. तसे असल्यास ९५ टक्के विश्वासाने केलेले विधान चुकण्याचे प्रमाण ५ ऐवजी फार तर ६ टक्के होते. विषमतांक १ असता २५ पुरतात. म्हणजे सौम्य विषमतेपुरता तीसचा नियम निभावून जातो. विषमतांक २ असता १०० लागतात आणि ४ असता ४००.

खर्चासारख्या राशींचे लघुगणक घेतल्यास ते पुष्कळदा प्रसामान्याच्या जवळ जातात. अशा राशीस लघुगणकीय-प्रसामान्य म्हणतात. तिच्या नैसर्गिक लघुगणकांचे प्रमाण विचलन १ असेल, तर मूळ राशीचा विषमतांक ६.१९ च्या सुमारास येतो व कॉक्रन यांच्या नियमाने सुमारे ९५६ कुटुंबे घ्यावी लागतात. तीस आणि नऊशे छप्पन्न यांतील अंतर पाहिले म्हणजे ठोकळ नियमाचा भरवसा किती धरावा हे ध्यानी येईल.

३. मध्याचा व मध्यकाचा अंदाज

वरील राशीचा मध्य १० टक्क्यांच्या आत, ९५ टक्के विश्वासाने सांगावयाचा आहे असे समजू. तिचा विचरण-गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले मध्य, १.३१ आहे. नित्याच्या सूत्राने ६६१ कुटुंबे येतात. परंतु हे सूत्र नमुना-मध्य प्रसामान्य आहे असे धरून चालते, आणि ते गृहीत खरे ठरण्यास ९५६ कुटुंबे हवीत हे आपण आताच पाहिले. तेव्हा येथे दोन स्वतंत्र अटी आहेत : एक अचूकतेची, दुसरी सूत्राच्या वैधतेची. दोहोंपैकी जी संख्या मोठी ती स्वीकारावी. विद्यार्थी बहुधा पहिली अट तपासतात. दुसरीचा विसर पडतो.

मध्यकाचा अंदाज करावयाचा असेल तर १० टक्क्यांच्या त्याच मर्यादेसाठी ६०४ कुटुंबे पुरतात. शिवाय मध्यकाचे विश्वासांतर नमुन्यातील मूल्ये चढत्या क्रमाने लावून द्विपदी वितरणाच्या आधारे काढता येते. त्यासाठी वितरणाच्या आकृतीविषयी जवळजवळ काहीच गृहीत धरावे लागत नाही. येथे मात्र एक सावधगिरी हवी. मध्यक नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. राशी प्रसामान्य असेल तर त्याच अचूकतेसाठी मध्यकास मध्याच्या १.५७ पट नमुना लागतो. आणि नगराच्या पाण्यावरील एकूण खर्चाचा हिशेब करावयाचा असेल तर मध्यक कितीही अचूक काढला तरी तो कामाचा नाही, कारण मध्यकास कुटुंबसंख्येने गुणून एकूण खर्च येत नाही. नमुना आटोपशीर व्हावा म्हणून प्रश्नच बदलणे हे संशोधनाच्या हेतूशी प्रतारणा केल्यासारखे होईल.

४. दोन वस्त्यांची तुलना

दोन गटांच्या मध्यांतील फरक शोधण्यासाठी सार्थकता-पातळी ५ टक्के व सामर्थ्य ८० टक्के धरण्याची प्रथा आहे. सामर्थ्य म्हणजे फरक खरोखर असताना तो चाचणीत दिसून येण्याची संभाव्यता. या प्रथेनुसार प्रत्येक गटास लागणारी संख्या जवळजवळ १६ गुणिले प्रचरण भागिले फरकाचा वर्ग एवढी असते. प्रचरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग.

आता असे समजू की दुसऱ्या वस्तीतील खर्च पहिलीच्या दीडपट आहे आणि दोन्हीकडे लघुगणकांचे प्रमाण विचलन १ आहे. मूळ रुपयांत तुलना केली तर दोन्ही गटांची प्रचरणे भिन्न असतात, आणि ती लक्षात घेता प्रत्येक गटात १७६ कुटुंबे लागतात. लघुगणक घेऊन तुलना केली तर १.५ चा लघुगणक ०.४०५ हा फरक होतो व ९६ कुटुंबे पुरतात. श्रम निम्म्यावर आले. तथापि उत्तराचा अर्थही बदलला. लघुगणकांच्या तुलनेतून दोन वस्त्यांच्या मध्यकांचे गुणोत्तर कळते. दोन्ही वस्त्यांत लघुगणकांचे प्रसरण सारखे असेल तरच तेच गुणोत्तर मध्यांनाही लागू पडते, अन्यथा नाही.

५. क्रमाधिष्ठित चाचण्या व पंधरा टक्क्यांचा नियम

फ्रँक विलकॉक्सन यांनी १९४५ मध्ये आणि मान व व्हिटनी यांनी १९४७ मध्ये मांडलेली चाचणी मूल्यांऐवजी त्यांचे क्रम वापरते. तिच्यासाठी नमुना काढण्याची एक प्रचलित रीत अशी की, नेहमीच्या ट-चाचणीसाठी संख्या काढावी व तीत पंधरा टक्के मिळवावे. या पंधरा टक्क्यांचे मूळ हॉजेस व लेमन यांच्या १९५६ च्या निष्कर्षात आहे. दोन वितरणे आकृतीने एकरूप असून एक दुसऱ्यापासून केवळ सरकलेले असेल, तर मोठ्या नमुन्यांत विलकॉक्सन चाचणीची सापेक्ष कार्यक्षमता कोणत्याही वितरणासाठी ०.८६४ च्या खाली जात नाही. १ भागिले ०.८६४ म्हणजे सुमारे १.१६. प्रसामान्य वितरणासाठी ही कार्यक्षमता ०.९५५ आहे, तर लांब शेपटांच्या द्विघाती वितरणासाठी ती १.५ पर्यंत चढते. तेव्हा पंधरा टक्के ही अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतली तरतूद आहे. लांब शेपटाच्या सामग्रीत उलट बचतच होते.

परंतु या नियमाची पूर्वअट विसरू नये. ‘केवळ सरकणे’ हे खर्चाच्या राशीत क्वचितच घडते. तेथे वितरण सरकते तसेच पसरतेही. अशा वेळी नोदर यांनी १९८७ मध्ये दिलेले सूत्र अधिक सरळ आहे. त्यात एकच राशी लागते : पहिल्या वस्तीतील एक व दुसऱ्या वस्तीतील एक अशी दोन कुटुंबे यदृच्छेने उचलली, तर दुसऱ्याचा खर्च अधिक असण्याची संभाव्यता. गट समसमान असता एकूण नमुना ७.८५ भागिले (३ गुणिले त्या संभाव्यतेच्या निम्म्यापासूनच्या अंतराचा वर्ग) एवढा येतो. संभाव्यता ०.६० असेल तर एकूण २६२, म्हणजे प्रत्येक वस्तीत १३१ कुटुंबे. आपल्या दीडपटीच्या उदाहरणात ती ०.६१३ येते आणि प्रत्येक वस्तीत १०३ कुटुंबे लागतात. लघुगणकांच्या रीतीने आलेल्या ९६ शी ही संख्या ताडून पाहावी : लघुगणक प्रसामान्य आहेत हे गृहीत सोडून देण्याची किंमत अवघी सात कुटुंबे आहे.

या विषयावर महाराष्ट्रातही मौलिक काम झालेले आहे. पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक जे. व्ही. देशपांडे व ए. पी. गोरे यांनी शानभोग यांच्यासह प्रसामान्येतर सामग्रीच्या विश्लेषणावर १९९५ मध्ये इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांस क्रमाधिष्ठित रीतींचा पद्धतशीर परिचय करून घ्यावयाचा आहे, त्यांनी तो अवश्य अभ्यासावा.

६. शून्य खर्चाची कुटुंबे

आतापर्यंत आपण एक अडचण बाजूस ठेवली होती. पाणी विकत न घेणाऱ्या कुटुंबांचा खर्च शून्य असतो, आणि शून्याचा लघुगणक अस्तित्वात नाही. प्रत्येक मूल्यात एक मिळवून लघुगणक घेण्याची युक्ती पुष्कळ प्रबंधांत आढळते. परंतु एक मिळवावा की दहा, यावर निष्कर्ष हेलकावे खात असल्यामुळे ती विश्वसनीय नाही. क्रमाधिष्ठित चाचणीतही शून्यांची गर्दी झाली म्हणजे असंख्य क्रम समान येतात व नोदर यांचे सूत्र जसेच्या तसे चालत नाही.

अशा वेळी प्रश्नाचे दोन भाग पाडणे श्रेयस्कर. किती कुटुंबे पाणी विकत घेतात, हा एक. घेणाऱ्यांचा खर्च किती, हा दुसरा. एका वस्तीत ४० टक्के व दुसरीत ५० टक्के कुटुंबे पाणी घेतात, हा फरक शोधावयाचा असेल तर प्रत्येक वस्तीत ३८५ कुटुंबे हवीत. परिचित आकडा पुन्हा आला हा निव्वळ योगायोग. येथे तो प्रत्येक वस्तीसाठी आहे, म्हणून एकूण ७७० होतात. दुसऱ्या भागासाठी पाणी घेणारी ९६ कुटुंबे लागत असतील आणि घेणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्के असेल, तर त्यासाठी २४० घरे ठोठवावी लागतील. दोन्ही भाग अभ्यासावयाचे असल्यास मोठी संख्या ग्राह्य धरावी.

७. स्तरणाचा लाभ

मध्याचा अंदाजच हवा असेल आणि विषमता तीव्र असेल, तर केवळ नमुना वाढवीत जाणे हा एकमेव मार्ग नव्हे. लोकसंख्येचे स्तर पाडून मोठ्या खर्चाच्या कुटुंबांना स्वतंत्र स्थान देता येते. प्रत्येक स्तराचा वाटा त्याच्या आकारमान व प्रमाण विचलन यांच्या गुणाकारानुसार ठेवावा, हे तत्त्व नेमन यांनी १९३४ मध्ये मांडले. स्तरांची प्रमाण विचलने आगाऊ ठाऊक नसतात, ही त्यातील अडचण. लहानशा पूर्वनमुन्यावरून ती अंदाजली तरी ही वाटणी बहुधा साध्या प्रमाणशीर वाटणीपेक्षा सरस ठरते, असे १९३५ मध्ये दाखवून दिले ते पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे त्या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्ययन करीत होते. पुढे पीक-उत्पादनाच्या नमुना-पाहण्यांत त्यांनी केलेले कार्य विश्रुत आहे.

लाभ किती होतो ते पाहू. परिसरातील ९० टक्के कुटुंबांचा सरासरी खर्च २०० रुपये व प्रमाण विचलन १५० रुपये आहे. नियमित टँकर मागविणाऱ्या उरलेल्या १० टक्क्यांचा सरासरी खर्च २,५०० व प्रमाण विचलन १,५०० रुपये आहे, असे समजू. एकंदर मध्य ४३० रुपये होतो. तो ५० रुपयांच्या आत सांगावयाचा तर साध्या यादृच्छिक नमुन्यात १,१०९ कुटुंबे लागतात. नेमन यांच्या वाटणीने १२५ पुरतात : पहिल्या स्तरातून ५९, दुसऱ्यातून ६६. श्रमांत जवळजवळ नऊपटींची बचत झाली. अर्थात कोणते घर कोणत्या स्तरात मोडते हे पाहणीपूर्वी कळले पाहिजे. त्यासाठी परिसराची एक धावती यादी आधी करावी लागते, तीतही वेळ खर्ची पडतो.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. अपार्टमेंटमध्ये टँकरचा खर्च सदनिकांवर सारखा वाटला जातो. तेव्हा एकाच इमारतीतील दहा कुटुंबे घेतली तरी माहिती जवळजवळ एका कुटुंबाचीच मिळते. दुसऱ्या स्तरातील ६६ कुटुंबे शक्यतो ६६ भिन्न इमारतींतून निवडावीत. ते न साधल्यास संख्या त्या मानाने वाढवावी.

८. पूर्वपाहणी आणि पुनर्नमुने

वरील सर्व सूत्रांना प्रमाण विचलन, विषमतांक अथवा संभाव्यता यांपैकी काही ना काही आधी लागते. ते पूर्वपाहणीतून मिळवावे. सूत्रांची गृहीतके पटत नसतील, तर संगणकाच्या साह्याने सरळ मार्ग अवलंबिता येतो. पूर्वपाहणीतील मूल्यांतून परत-ठेव पद्धतीने दोन गट उचलावेत, एकातील मूल्ये दीडपट करावीत, ठरविलेली चाचणी लावावी व निष्कर्ष नोंदवावा. हीच कृती दोन हजार वेळा करावी. जितक्या वेळा फरक सार्थ ठरला त्याचे शेकडा प्रमाण म्हणजे त्या आकाराच्या नमुन्याचे सामर्थ्य. ते ८० पर्यंत पोचेतो गटांचा आकार वाढवीत जावे. दोन हजार आवृत्तींत या अंदाजाची प्रमाण त्रुटी एक टक्क्याहून कमी राहते.

मात्र पुनर्नमुने पूर्वपाहणीत नसलेली माहिती निर्माण करू शकत नाहीत. मोठ्या खर्चाची कुटुंबे दहांत एक असतील आणि पूर्वपाहणीत वीसच कुटुंबे घेतली, तर त्यांत असे एकही कुटुंब न येण्याची संभाव्यता १२ टक्के आहे. चाळीस घेतल्यास ती दीड टक्क्यावर येते. विषम सामग्रीत पूर्वपाहणी अगदी तोकडी असू नये, याचे कारण हेच.

सामग्री जमल्यावर प्रथम प्रसामान्यतेची चाचणी लावून मग विश्लेषणाची रीत ठरविण्याची प्रथाही तपासून पाहण्याजोगी आहे. नमुना लहान असताना ती चाचणी तीव्र विषमताही ओळखू शकत नाही. नमुना मोठा असता ती निरुपद्रवी विचलनालाही दोष देते. खर्च, कालावधी, कर्ज यांसारख्या राशी विषम असणार हे अभ्यासकास आधीच ठाऊक असते. त्या ज्ञानाचा उपयोग आराखडा करतानाच करावा.

९. उपसंहार

वरील विवेचनात एकाच परिसरातील एकाच राशीसाठी ९६, १०३, १२५, १७६, ३८५, ६०४, ९५६ आणि १,१०९ असे आठ भिन्न आकडे आले. त्यांपैकी एकही चूक नाही. प्रत्येक आकडा निराळ्या प्रश्नाचे अथवा निराळ्या आराखड्याचे उत्तर आहे. यास्तव संशोधकाने आराखड्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : कोणत्या राशीविषयी प्रश्न आहे, व्यवहारात दखल घेण्याजोगा फरक किती, विषमतेचा अंदाज कोठून घेतला, आणि नियोजित विश्लेषण कोणते.

हा केवळ प्रबंधाच्या टापटिपीचा प्रश्न नाही. अपुऱ्या नमुन्यावरील ‘सार्थ फरक आढळला नाही’ हे वाक्य कचेरीत पोचेपर्यंत ‘फरक नाही’ असे होऊन बसते, आणि ज्या वस्तीला पाणी महाग पडते तिची तक्रार आकड्यांच्या नावाने निकालात निघते. उलटपक्षी, सव्वाशे घरांत भागणाऱ्या कामासाठी अकराशे घरांतील माणसांना आपला वेळ द्यावयास लावणे हाही अन्यायच. मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी नमुन्याच्या आकड्याबरोबर त्यामागील गणितही मागण्यास आरंभ केला, तर या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी टळतील.